सात दिवसांचे लाल किट

जननेंद्रियांच्या हर्पीसचे निदान झालेल्या माणसाचा खरा छळ दुसऱ्या खेपेपासून सुरू होतो. पहिल्या वेळचे फोड, लघवीची आग, जांघेतल्या गाठी, ताप हे सगळे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. गोळ्या वेळेवर मिळाल्या तर त्याआधीच. आता सुटलो असे वाटत असतानाच काही महिन्यांनी मांडीत मुंग्या येतात, माकडहाडाशी कळ उठते आणि एक-दोन दिवसांत जवळपास त्याच जागी पुन्हा बारीक फोड दिसतात. विषाणू शरीरातून गेलेलाच नसतो. कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जागाठींत तो दबा धरून राहतो आणि अधूनमधून नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. लागण हर्पीसच्या दोन प्रकारांपैकी दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची असेल तर पहिल्या वर्षी साधारण चार वेळा असे होते, पहिल्या प्रकारची असेल तर बहुधा एखाद्याच वेळी. आणि वर्षे सरतात तशा खेपा विरळ होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटी लोकांना दुसऱ्या प्रकारची लागण होती. इतक्या लोकांसोबत राहणारा हा आजार मुंबईच्या उपनगरांत मात्र प्रत्येक जण एकट्याने आणि लपून सोसतो. याचे कारण लाज, असे म्हणून आपण मोकळे होतो. लाज आहेच. पण या शहराने दीडशे वर्षांत गुप्तरोगांसाठी ज्या ज्या व्यवस्था उभ्या केल्या, त्या सगळ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती: रोगी एकदा येईल, बरा होईल आणि परत दिसणार नाही. परत येणाऱ्या आजाराला त्यांत जागा नव्हती आणि बऱ्याच अंशी आजही नाही. रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या त्रासाचा मोठा भाग विषाणूपेक्षा या गृहीतकाचा आहे, असे माझे मत आहे.

त्याची सुरुवात सक्तीने झाली. 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याखाली मुंबईत 1870 पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. रोगाची खूण दिसली की त्या बाईला लॉक हॉस्पिटलमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, ठेवायचे, खूण गेली की सोडायचे. पुरुषांची तपासणी नव्हतीच, कारण सारा खटाटोप गोऱ्या सैनिकांना आणि खलाशांना जपण्यासाठी होता. खर्च कोणी उचलायचा या वादात 1872 मध्ये अंमल थांबला, काही वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला आणि 1888 मध्ये कायमचा गेला. या व्यवस्थेतला अन्याय उघड होता आणि त्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. तिच्या पोटातली वैद्यकीय समजूत मात्र कायदा गेल्यावरही टिकली: कातडी स्वच्छ दिसली म्हणजे रोग गेला. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की हर्पीस परत परत येतो हे ज्ञान तेव्हा उपलब्ध होते. जननेंद्रियांवरच्या हर्पीसचे वर्णन फ्रान्समध्ये जाँ आस्त्रुक याने 1736 मध्येच केले होते, आणि दिदे व द्वायाँ या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी 1886 मध्ये, म्हणजे मुंबईतला कायदा अजून चालू असताना, त्याच्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि त्यात पुनरावर्तनाचेही वर्णन केले. पण सिफिलिस आणि परम्याच्या तुलनेत तो किरकोळ ठरला. ज्याने नाक झडत नाही, वेड लागत नाही, मूल दगावत नाही, त्याची दखल कोण घेणार, असाच त्या काळच्या वैद्यकाचा हिशेब होता.

हा कायदा चालला तो मुंबई बेटावर. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड तेव्हा साष्टीतली गावे होती आणि ठाणे जिल्ह्यात मोडत होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला 1 ऑक्टोबर 1920 रोजी; विजेची लोकल बोरिवलीला पोचली 1928 मध्ये; पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंतचा आणि पूर्वेला भांडुपपर्यंतचा भाग महापालिकेत आला 1950 मध्ये, तर दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा 1957 मध्ये. या तारखा इथे सांगण्याचे कारण आहे. उपनगरे शहर झाली ती नेमकी पेनिसिलिनच्या काळात. 1940 च्या दशकात पेनिसिलिनने सिफिलिसचा उपचार वर्षभराच्या यातनांवरून काही इंजेक्शनांवर आणला, आणि गुप्तरोग म्हणजे सुई टोचून संपणारी गोष्ट ही समजूत डॉक्टर-रुग्ण दोघांच्याही मनात पक्की बसली. बेटावरच्या जुन्या वस्त्यांना निदान आधीच्या पिढीचा दीर्घ उपचार आठवत होता. नव्याने वसलेल्या चाळींना आणि सोसायट्यांना तोही नाही. जिवाणूंच्या रोगांबाबत ती समजूत खरी होती. विषाणूच्या रोगाला तीच लावली तेव्हा मात्र दुसऱ्यांदा फोड आलेल्या माणसाला दोनच अर्थ उरले: डॉक्टर खोटा होता, किंवा जोडीदाराने पुन्हा कुठेतरी पाऊल घसरू दिले. या दुसऱ्या अर्थाने किती संसार नासले असतील याची मोजदाद कुठल्याही दप्तरात नाही, आणि ती लागण कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते हे एक वाक्य वेळेवर कानावर पडले असते तर त्यांतले काही वाचले असते.

असे वाक्य सांगणारा माणूस मुंबईत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. ‘गुप्त रोगांपासून बचाव’ हे पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. मासिकात वाचकांच्या खाजगी शंका येत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्राला धरून उत्तरे देत. या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्वे हरले आणि त्यांना दंड भरावा लागला. हर्पीसवर तेव्हा औषध नव्हते, म्हणून त्या उत्तरांतून कोणी बरे झाले असते असे नाही. पण दर महिन्याला निघणाऱ्या मासिकात एक गुण होता जो इस्पितळात नव्हता: वाचक पुन्हा लिहू शकत असे. त्रास परत आला तर विचारायला जागा होती, आणि नाव सांगावे लागत नव्हते. ऑक्टोबर 1953 मध्ये कर्वे गेले आणि मासिक त्यांच्याबरोबर संपले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींना त्याने बंदी घातली. पुढे जोडलेल्या 54 विकारांच्या यादीत शेवटची नोंद गुप्तरोगांची आहे. कायद्याचा हेतू चांगला होता आणि हमदर्द दवाखान्याच्या 1960 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमांना कात्री लावून बाकीचा उचलून धरला. तरी रुळांलगतच्या भिंतींवर, स्टेशनाबाहेरच्या मुताऱ्यांत खात्रीशीर इलाजाची अक्षरे रंगतच राहिली. लोक मूर्ख होते म्हणून ती टिकली असे मला वाटत नाही. खोटे बोलणाऱ्याला मनाई झाली, खरे सांगणाऱ्याची जागा मात्र रिकामीच राहिली. शिवाय हर्पीसचे फोड आपोआप बसतात, त्यामुळे भिंतीवरच्या वैद्याचा काढा प्रत्येक खेपेला गुणकारी ठरतो. परत येणाऱ्या आजारावर भोंदू माणूस आयुष्यभर पोट भरू शकतो.

औषध आले ते 1980 च्या दशकात. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या ॲसायक्लोव्हिरचे मलम अमेरिकेत 1982 मध्ये आणि गोळी 1985 मध्ये मंजूर झाली. 1988 च्या नोबेल पारितोषिकात एलियन यांचा वाटा होता. याच दशकात, 1986 मध्ये, भारतात एचआयव्ही सापडला आणि मुंबईच्या गुप्तरोग विभागांचे सारे लक्ष तिकडे वळले. 1998 मध्ये मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आणि रंगांच्या किटची पद्धत आणली: स्रावासाठी करडे, योनिदाहासाठी हिरवे, हर्पीस नसलेल्या जखमेसाठी पांढरे, आणि हर्पीसच्या जखमेसाठी लाल. लाल किटमध्ये ॲसायक्लोव्हिरच्या 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. या पद्धतीला मी नावे ठेवत नाही. प्रयोगशाळेवाचून, पहिल्याच भेटीत, फुकट औषध हातात देणे ही फार मोठी सोय होती, आणि तिच्यामुळे व प्रतिजैविकांमुळे जिवाणूंच्या जखमा इतक्या कमी झाल्या की भारतातल्या गुप्तरोग विभागांत आता जननेंद्रियांवरच्या जखमेचे सर्वांत मोठे कारण हर्पीस हेच दिसते. म्हणजे ज्या रोगांसाठी एका भेटीची रचना केली ते हटले आणि ज्याच्यासाठी ती रचना तोकडी पडते तो रोग पुढे आला. एचआयव्हीच्या निमित्ताने हर्पीसकडे लक्ष जाण्याची एक संधी आली होती, कारण दुसऱ्या प्रकारच्या विषाणूने एचआयव्हीची जोखीम सुमारे तिप्पट होते. पण रोज ॲसायक्लोव्हिर देऊन एचआयव्हीची लागण टळत नाही असे 2008 मध्ये मोठ्या चाचणीतून दिसले आणि निधी देणाऱ्यांचा हर्पीसमधला रस ओसरला.

उपनगरांचा स्वभावही या तुटक उपचाराला हातभार लावतो. कूपर, भगवती, राजावाडी, अग्रवाल ही महापालिकेची रुग्णालये अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या माणसाला जवळची. पण जवळची म्हणूनच तो ती टाळतो. ओपीडीच्या रांगेत शेजारीण भेटेल, म्हणून चार स्टेशने पलीकडचा खाजगी त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा आणि पुढच्या खेपेला तिसराच. लोकलने दिलेली ही निनावी राहण्याची सोय पहिल्या निदानाला उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे माणूस निदान डॉक्टरकडे जातो तरी. पुढे तीच घातक ठरते. हर्पीस ओळखायचा आणि सांभाळायचा तो खेपांच्या क्रमावरून, आणि प्रत्येक खेप वेगळ्या डॉक्टरने पाहिली तर तो क्रम कोणालाच दिसत नाही. कोणी बुरशी म्हणतो, कोणी साबणाची ॲलर्जी, घरातले कोणी नागीण समजून लेप लावते. नागीण त्याच कुळातल्या वेगळ्या विषाणूची. बायकांचे आणखी अवघड. त्या त्वचाविभागात जात नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातात, आणि तिथे गरोदरपणात टॉर्च नावाची रक्तचाचणी होते. तिच्यातला आयजीएम हा आकडा हर्पीसच्या बाबतीत भरवशाचा नाही, तरी तो वाढलेला दिसला की घरात आकांत होतो. वास्तविक बाळाला मोठा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर. जुनी लागण असलेल्या आईच्या बाळाला तो फार कमी.

हर्पीसच्या रुग्णाला पहिल्याच भेटीत खरे सांगावे आणि त्याचा सलग पाठपुरावा करावा, असे म्हटले तर पहिला आक्षेप साधनांचा येतो. क्षय आणि एचआयव्हीने वाकलेल्या यंत्रणेने जिवावर न बेतणाऱ्या फोडांसाठी वेळ का घालवावा? आक्षेप प्रामाणिक आहे, पण खर्च आजही होतोच आहे, फक्त तो चुकीच्या जागी होतो: निरुपयोगी रक्तचाचण्यांवर, प्रतिजैविकांवर, भिंतीवरच्या वैद्यावर. ॲसायक्लोव्हिर आता भारतातच बनते आणि महाग नाही. जिवावर बेतत नाही हेही पूर्ण खरे नाही, कारण निदानानंतरची खिन्नता, लग्न मोडण्याची धास्ती, झोप उडणे हे त्वचेवर दिसत नसले तरी आजाराचाच भाग आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो: हा आजार जन्मभर राहतो असे पहिल्याच दिवशी सांगितले तर रुग्ण खचेल आणि परत येणार नाही. अनेक चांगले डॉक्टर याच दयेपोटी गप्प राहतात. पण न सांगण्याचा प्रयोग या शहराने भरपूर काळ करून पाहिला आहे. न सांगितलेला रुग्ण दुसऱ्या खेपेला जास्त खचतो, कारण आपल्याला फसवले गेले किंवा आपले शरीर नासले एवढेच त्याला समजते. जन्मभर या शब्दाची धार कमी करणाऱ्या गोष्टी त्याच वाक्यात सांगता येतात: खेपा कमी होत जातात, लग्न आणि मूल दोन्ही शक्य आहे, आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोडप्यांवरच्या अभ्यासात व्हॅलासायक्लोव्हिरची रोजची एक गोळी घेतल्याने जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. फोड नसतानाही विषाणू पसरू शकतो हे कटू सत्यही त्यातच सांगावे लागेल, नाहीतर निरोधाचे महत्त्व पटणार नाही.

तिसरा आक्षेप असा की दीर्घ पाठपुराव्यासाठी नवी यंत्रणा लागेल. नवी लागत नाही. एचआयव्हीच्या लढ्याने गुप्तता राखून बोलणारा समुपदेशक हे पद सरकारी रुग्णालयांत आणले आणि सुरक्षा क्लिनिकात तो बसतो. मधुमेहाच्या रुग्णाला पुढच्या महिन्याची तारीख केसपेपरवर लिहून मिळते, तशी लाल किट घेणाऱ्याला तीन महिन्यांनंतरची मिळू शकते. सोबत गोळ्यांची एक जास्तीची पट्टी घरी ठेवायला द्यायची आणि मुंग्या किंवा जळजळ जाणवली त्याच दिवशी, फोड यायच्या आधी, ती सुरू करायला सांगायचे, कारण एक दिवस उशीर झाला तरी गुण कमी येतो. वर्षात सहा किंवा अधिक खेपा होत असतील तर 400 मिलिग्रॅमची गोळी रोज दोनदा, आणि वर्षभराने ती थांबवून खेपा किती उरल्या हे पाहायचे. दुसऱ्या भेटीला जोडीदाराला आणता आले तर लागण केव्हाची हे सांगता येत नाही, ही गोष्ट दोघांनी एकत्र ऐकावी.