नवऱ्याच्या पश्चात बायकोचा हिस्सा किती?

नवरा वारला की काही घरांत इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपायच्या आतच बेवा बाईपुढे हक्कसोडपत्र येतं. "मुलंच सांभाळणार आहेत ना?" म्हणत सही घेतली जाते. सही करण्याआधी काय माहीत असावं, ते आम्ही इथे देत आहोत.

हिस्सा : सूरह निसाच्या आयत 12 नुसार नवऱ्याला औलाद असेल तर बायकोला 1/8, नसेल तर 1/4. बायका एकाहून जास्त असतील तर हाच हिस्सा त्यांच्यात सारखा वाटायचा.

क्रम : आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत (जास्तीत जास्त एक तृतीयांश) आणि शेवटी वाटणी. न दिलेली मेहर हे कर्जच आहे. ती हिश्शात धरायची नाही.

उदाहरण : खर्च आणि बाकीची देणी भागवून 8,50,000 रुपये उरले, मेहर 50,000 बाकी आहे. मेहर दिल्यावर उरले 8 लाख. बायकोला 1 लाख. मरहूमचे आईवडील हयात नसतील, तर मुलाला साडेतीन लाख आणि दोन मुलींना प्रत्येकी पावणेदोन लाख.

कागदपत्रं : बँक खात्याचा नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो, ती सगळ्या वारसांची असते. बँकेने मागितल्यास वारसा प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुस्लिमांच्या वसियतीला प्रोबेट सक्तीचं नाही.

आठवा हिस्सा छोटा वाटेल, पण ती कुणाची मेहेरबानी नाही. सोडायचाच असेल तर आधी हिशोब समजून घ्यावा, मग सही करावी.