संगणकावरील मराठी लेखन

संगणक व भ्रमणध्वनी यांवर देवनागरी लिपीत मराठी मजकूर टंकित करणे, साठवणे व शोधणे यास संगणकावरील मराठी लेखन म्हणतात. आज ते प्रामुख्याने युनिकोड या संकेतप्रणालीनुसार होते.

युनिकोडपूर्व काळ

श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींमुळे मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली. त्या काळच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. अशा रीतीने जुळवलेली पुस्तके छापील रूपात सुखेनैव वाचता येतात. मात्र त्यांच्या संगणकीय प्रतींत एखादा शब्द शोधायचा तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

युनिकोड आणि मराठी

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेली होती. हिंदी, नेपाळी व मराठी यांना एकच पट मिळाल्याने मराठीच्या काही गरजा मागाहून भागल्या. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये (आवृत्ती ५.१) मिळाला. तोवर ‘अ’वर चंद्रखूण जोडली जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती निराळी असतात. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण तर आजही फाँटवर अवलंबून आहे.

सर्वाधिक हानी अर्ध्या ‘र’ची झाली आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ समुद्राचा, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ही खूण कळफलकावर चटकन सापडत नाही, म्हणून पुष्कळ जण रफार देऊन मोकळे होतात. वस्तुतः ‘ऱ’ (खाली नुक्ता असलेला र), हलन्ताची खूण आणि ‘य’ ही अक्षरे क्रमाने टंकली की ‘ऱ्य’ उमटतो. शाळेत शिकवलेला भेद केवळ कळ न सापडल्याने लेखनातून जावा, हे खेदजनकच.

टंकलेखनाच्या पद्धती

इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारत सरकारने १९८६ साली प्रमाणित केला. त्यात स्वर डावीकडे व बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात आणि रोमन लिपी येण्याची अट नसते. तरीही रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवण्याची उच्चारानुसारी पद्धत लोकप्रिय आहे. तिच्यासाठी मराठी लिहिण्याआधी दुसरी लिपी यावी लागते.

बोलून लिहिण्याच्या सोयीमुळे लिहिता न येणाऱ्यालाही निरोप पाठवता येतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय यंत्र घेते. तो तपासण्यासाठी मात्र वाचता यावेच लागते.