न्यूरेंबर्गची मिठाची परीक्षा

घरात कुणाला सर्दी झाली की आपल्यापैकी अनेकांच्या कपाटातून साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या, गोड गोळ्यांची बाटली बाहेर येते. मुलेही हे औषध आनंदाने घेतात. 'आम्हाला गुण येतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात, तसेच 'ती नुसती साखर' म्हणणारेही भेटतात. हा वाद आजचा नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात १८३५ साली तो इतका रंगला की तो मिटवण्यासाठी गावातल्या मंडळींनी चक्क एक प्रयोग केला. त्या प्रयोगाची हकीकत आपण पाहणार आहोत. पण त्याआधी होमिओपॅथीची थोडी ओळख करून घेऊ.

काट्याने काटा

सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हा जर्मन डॉक्टर. त्याच्या काळात शिरा कापून रोग्याचे रक्त काढणे, जुलाब देणे, पाऱ्याची औषधे पाजणे हे नेहमीचे उपचार होते. रोगापेक्षा उपचारानेच माणूस खंगायचा. हानेमानला हे पटेना. डॉक्टरी बाजूला ठेवून तो भाषांतरे करून पोट भरू लागला. १७९० साली एका स्कॉटिश डॉक्टरच्या ग्रंथाचे भाषांतर करताना सिंकोनाच्या सालीविषयीचा मजकूर त्याच्यासमोर आला. हिवतापावर ही साल गुणकारी होती, पण ग्रंथकाराने दिलेले कारण त्याला पटले नाही. त्याने स्वतःच काही दिवस ती साल खाऊन पाहिली. पाय गार पडले, छाती धडधडू लागली, हिवतापासारखीच लक्षणे जाणवली. यावरून त्याने तर्क केला की निरोगी माणसात जी लक्षणे एखादा पदार्थ निर्माण करतो, तशाच लक्षणांच्या रोगावर तो औषध ठरतो. थोडक्यात, काट्याने काटा काढायचा. १७९६ साली त्याने हा विचार लेखातून मांडला आणि १८१० साली 'ऑर्गेनॉन' या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली.

स्वतः प्रयोग करून पाहण्याची त्याची वृत्ती कौतुकाचीच आहे. पण एकाच माणसाच्या, तेही आपल्याच अनुभवावर केवढा मोठा नियम उभारला गेला, तेही लक्षात घ्यायला हवे. हिवतापाचा परजीवी रोग्याच्या रक्तात सापडला तो १८८० साली. सिंकोनातील क्विनीन त्या परजीवीला मारते, लक्षणांच्या साम्याशी त्याचा संबंध नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

दुसरे तत्त्व विरलतेचे. मूळ पदार्थाचा एक भाग घेऊन तो शंभरपट विरल करायचा आणि जोराने हलवायचा. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तसेच करायचे. असे तीस वेळा केले की '३०' शक्तीचे औषध तयार होते. विरलता वाढेल तशी औषधाची शक्ती वाढते, असे हानेमानचे म्हणणे.

रेड रूस्टरमधली सभा

न्यूरेंबर्गमध्ये होमिओपॅथीचा बोलबाला वाढला, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख फॉन होव्हेन यांनी १८३४ साली टोपणनावाने तिच्यावर टीका लिहिली. होमिओपॅथ योहान रॉयटर यांनी उत्तर दिले की मिठाचे ३० शक्तीचे औषध निरोगी माणसाने घेतले, तर त्याला काहीतरी वेगळे जाणवेलच, अशी शक्यता दहास एक आहे.

हे विधान तपासता येण्याजोगे होते! १९ फेब्रुवारी १८३५ रोजी 'रेड रूस्टर', म्हणजे 'लाल कोंबडा', नावाच्या खानावळीत सव्वाशेच्या आसपास लोक जमले. शंभर बाटल्यांवर क्रमांक घातले, त्या चांगल्या मिसळल्या आणि पन्नास-पन्नासचे दोन गट केले. एका गटात बर्फाचे ऊर्ध्वपातित पाणी भरले, दुसऱ्यात त्याच पाण्यात केलेले मिठाचे ३० शक्तीचे औषध. कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी मोहोरबंद केली. ४७ बाटल्या तिथेच वाटल्या, आणखी काही नंतर इतरांना दिल्या. आपल्या बाटलीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नव्हते.

तीन आठवड्यांनी हिशेब झाला. ५४ जणांपैकी ५० जणांनी आपला अनुभव कळवला. ४२ जणांना काहीच जाणवले नव्हते. आठ जणांना काहीतरी वेगळे वाटले होते. मग मोहोर फोडली. त्या आठांपैकी पाच जणांनी औषध घेतले होते आणि तिघांनी नुसते पाणी! रॉयटर यांचे म्हणणे खरे ठरत नाही, असा निष्कर्ष आयोजकांनी काढला.

पाणी पिऊन तिघांना काय झाले असेल? दोन-तीन आठवडे आपण आपल्याच शरीराकडे बारकाईने पाहू लागलो, तर कधी डोके जड होईल, कधी झोप कमी येईल. हे एरवीही होतच असते, आपण लक्ष देत नाही एवढेच. म्हणूनच तुलनेसाठी पाणी घेणारा गट हवा आणि गट कोणता ते गुपित हवे. आज नव्या औषधांच्या चाचण्या याच तत्त्वावर होतात.

गणित काय सांगते?

एक ग्रॅम मिठात सोडियम-क्लोरीनच्या साधारण १०^२२ जोड्या असतात. दर पायरीला त्यांचा शंभरावा भाग पुढे गेला, तर अकराव्या पायरीनंतर सरासरी एक जोडी उरते. पुढे उरते ते पाणीच. १८३५ साली मात्र रेणू मोजता येत नव्हते. त्यांच्या संख्येचा पहिला अंदाज १८६५ सालचा. तरीही सभेला नेमका प्रश्न विचारता आला, हे महत्त्वाचे.

या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. तो थोड्या, निरोगी माणसांवर झाला. त्यात रोग बरा होतो का हे तपासले नव्हते. ते काम पुढच्या शेकडो चाचण्यांनी केले. त्यांचा आढावा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली निष्कर्ष काढला की होमिओपॅथी कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. भारतात या पद्धतीला १९७३च्या कायद्याने मान्यता मिळाली, २०२० साली नवा कायदाही आला. पण कायद्याची मान्यता आणि प्रयोगाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग गुण येतो तो कसला? सर्दी आठवड्याभरात आपणहून जाते. डॉक्टरांनी तासभर आस्थेने ऐकून घेतले तरी बरे वाटते. हानेमानच्या काळात तर रक्त काढून घेण्यापेक्षा काहीच न करणे रोग्याच्या हिताचे होते. पण क्षयाचा किंवा मधुमेहाचा रोगी आपली औषधे सोडून गोळ्यांवर विसंबला, तर गेलेला वेळ परत मिळत नाही.

वर्गात एक खेळ करून पाहा. गाईच्या आणि म्हशीच्या दुधाचा चहा चवीवरून ओळखतो, असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याचे म्हणणे तपासायची पद्धत मुलांनाच ठरवू द्या. कप किती, क्रमांक कोण घालणार, यादी कोणाकडे ठेवायची? मुले वाद घालता घालता 'रेड रूस्टर'पर्यंत आपली आपण पोचतील.