हिवाळ्याची कोरी पाने

हवामानाची नोंदवही ठेवणाऱ्या शाळांत एक गोष्ट हमखास आढळते. जूनपासून नोंदी नेटाने झालेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीची पाने मात्र कोरी! सुट्टीत तापमापी वाचायला जाणार कोण? १९३० पर्यंत ग्रीनलंडच्या हवामानाची नोंदवहीही अशीच होती. नान्सेन आणि त्याच्या सोबत्यांनी १८८८ साली हे बर्फाचे पठार प्रथम ओलांडले. पुढेही मोहिमा गेल्या, पण बहुतेक उन्हाळ्यात. पठाराच्या अंतर्भागात हिवाळाभर काय चालते, हे कोणी मोजलेले नव्हते.

ते मोजण्याची गरज विमानांमुळे निर्माण झाली. वर्गातल्या पृथ्वीगोलावर लंडन आणि कॅनडातील व्हँकुव्हर यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. सर्वांत जवळचा मार्ग अटलांटिकच्या मध्यातून नव्हे, तर ग्रीनलंडवरून जातो. या मार्गाच्या पाहणीसाठी १९३० मध्ये एक ब्रिटिश मोहीम निघाली. तिचा नेता जिनो वॉटकिन्स अवघा २३ वर्षांचा होता. मोहिमेने पूर्व किनाऱ्यावर तळ उभारला आणि तिथून २०० किलोमीटरहून अधिक आत, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, एक हवामान केंद्र थाटले. केंद्र म्हणजे एक घुमटाकार तंबू आणि उपकरणे. बिनतारी संदेशयंत्र नव्हते.

केंद्रात दोघांनी राहायचे आणि ठरावीक काळाने त्यांची बदली करायची, अशी योजना होती. ऑक्टोबरच्या अखेरीस चॅपमनच्या नेतृत्वाखाली तुकडी निघाली. उन्हाळ्यात जो प्रवास सुमारे दोन आठवड्यांत झाला होता, त्याला वादळांमुळे महिन्याहून अधिक काळ लागला. केंद्रासाठी घेतलेले बरेचसे अन्न आणि रॉकेल वाटेतच संपले. उरलेल्या शिध्यावर दोघांचा हिवाळा निघणार नव्हता. केंद्र बंद करावे, तर सगळे कष्ट वाया! तेव्हा २६ वर्षांचा ऑगस्टीन कोर्टोल्ड म्हणाला की मी एकटा राहतो. बाकीच्यांनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण तो ठाम राहिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुत्र्यांच्या घसरगाड्या परत फिरल्या.

त्याचा तंबू म्हणजे उष्णताशास्त्राचा एक धडाच होता. कापडाचे दोन थर, मध्ये हवा. बाहेर साचलेला बर्फही ऊब राखी, कारण भुसभुशीत बर्फात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. दार बाजूला नव्हते. जमिनीखालच्या भुयारातून आत यावे लागे. उबदार हवा हलकी असल्याने वर राहते, खालच्या वाटेने निसटत नाही. माथ्यावर हवा खेळण्यासाठी एक नळी होती. दिवसातून अनेक वेळा कोर्टोल्ड भुयारातून बाहेर पडे आणि तापमान, वायुभार, वारा यांची नोंद करून परते.

पण प्रत्येक वादळानंतर बर्फ उपसणे जड होत गेले. मार्चच्या उत्तरार्धात बाहेर पडण्याचा मार्ग पूर्ण बुजला आणि बाहेरच्या नोंदी थांबल्या. रॉकेल वाचवण्यासाठी तो बहुतेक वेळ अंधारात पडून राहू लागला. एप्रिलमध्ये शोधायला आलेल्या तुकडीला केंद्र सापडलेच नाही. अखेर ५ मे १९३१ रोजी वॉटकिन्स आणि सोबत्यांना बर्फावर एक फाटका झेंडा आणि नळीचे टोक दिसले. नळीतून मारलेल्या हाकेला आतून उत्तर आले! त्याच दिवशी त्याचा स्टोव्ह शेवटचा विझला होता.

सर्वांचे नशीब असे नव्हते. खंडवहनाच्या सिद्धान्तामुळे आपल्याला परिचित असलेले आल्फ्रेड वेगेनर त्याच हिवाळ्यात ग्रीनलंडवर होते. पठाराच्या मध्यावरील आपल्या केंद्रावरून १ नोव्हेंबर १९३० रोजी, पन्नासाव्या वाढदिवशी, ते ग्रीनलंडवासी रासमुस विलुम्सेन याच्यासह परत निघाले. दोघेही तळावर पोचले नाहीत.

या नोंदींनी काय साधले? पठारावर बारमाही उच्च दाबाच्या शांत हवेचे आवरण असते, असे अमेरिकी भूवैज्ञानिक विल्यम हॉब्ज यांचे मत होते. थंड, जड हवा पठारावरून किनाऱ्याकडे घसरते, हे खरेच. पण दोन्ही केंद्रांच्या नोंदींवरून दिसले की बाहेरची वादळे हिवाळ्यात पठारावरही पोचतात. आम्ही प्रयोगशाळेत बसून आलेख काढतो, तेव्हा त्यातला एकेक बिंदू कसा मिळाला असेल याचा सहसा विचार करत नाही. तो करायला हवा.

१९९५ पासून ग्रीनलंडवर स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभे राहिले. तरी त्यांचे खांब बर्फात गाडले जातात आणि ते उभे करायला माणसांना जावेच लागते. भारताचे स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. तिथली पहिली भारतीय हिवाळी मोहीम निघाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. तिच्या पहिल्या तुकडीत गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संशोधक होते.

ही हकिकत वर्गात सांगितल्यावर शाळेची नोंदवही उघडून दाखवावी, असे आम्ही सुचवतो. मग सुट्टीतल्या नोंदींसाठी पाळ्या कशा लावायच्या, ते मुलांनाच ठरवू द्यावे. एखाद्या दिवशी जाणे जमले नाही, तर ती जागा कोरी ठेवावी; अंदाजाने भरू नये.