बोर्नमथची तांबडी माती

'हौशी' आणि 'व्यावसायिक' हे शब्द मराठी वाचकाला परिचित आहेत ते मुख्यतः रंगभूमीमुळे. नाटकावर चरितार्थ चालवणारा नट आणि कचेरीतले काम आटोपून तालमीला येणारा नट यांच्यात भेद असतो. परंतु मेहनताना घेतला म्हणून नटाची पायरी उतरली, असे कोणी मानत नाही. टेनिसच्या जगात मात्र या दोन शब्दांनी चार दशके खेळाडूंच्या जणू दोन जाती निर्माण केल्या होत्या. त्यांच्यामधली भिंत जेथे प्रथम पडली, ती स्पर्धा आज अस्तित्वात नाही.

'ब्रिटिश हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप्स' हे तिचे नाव आजच्या वाचकाला फसवे वाटेल. हार्ड कोर्ट म्हटले की आता सिमेंट-डांबरावर रंगाचे थर दिलेले कोर्ट डोळ्यांसमोर येते. हिरवळीला सर्वस्व मानणाऱ्या इंग्रजांनी मात्र तांबड्या भुकटीच्या कोर्टालाही 'हार्ड' म्हणून टाकले होते. १९२४ मध्ये टॉर्की येथे सुरू झालेली ही स्पर्धा १९२७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ येथे, वेस्ट हॅन्ट्स क्लबवर आली आणि युद्धकाळाचा खंड वगळता दीर्घकाळ तेथेच भरत राहिली.

फ्रेड पेरी याने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. १९३६च्या अखेरीस तो व्यावसायिक झाला आणि जेथे पाच वेळा विजेता ठरला होता, त्या स्पर्धेचे दार त्याला बंद झाले. विम्बल्डनचेही तेच. पुढे पांचो गोन्झालेस, केन रोझवॉल, रॉड लेव्हर यांच्याही वाट्याला हाच बहिष्कार आला. ते गावोगावी फिरून आपापसांत खेळत. अधिकृत अजिंक्यपदांच्या यादीत त्या सामन्यांना स्थान नसे. दुसरीकडे, हौशी म्हणवणाऱ्या नामांकित खेळाडूंना 'खर्चा'च्या नावाखाली पैसे मिळत असत, हे सर्वांना ठाऊक होते. उघडपणे घेतलेले वेतन कलंक ठरे आणि गुपचूप घेतलेले प्रतिष्ठेत खपून जाई.

डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटिश टेनिस संघटनेने हा भेद रद्द करण्याचा ठराव २९५ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. ३० मार्च १९६८ रोजी पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय महासंघानेही मर्यादित संख्येने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली. त्यांतली पहिली स्पर्धा बोर्नमथच्या वाट्याला आली.

२२ एप्रिल १९६८ रोजी खेळ सुरू झाला. खुल्या टेनिसमधला पहिला गुण मिळवला तो जॉन क्लिफ्टन या हौशी खेळाडूने. सामना मात्र व्यावसायिक ओवेन डेव्हिडसनने जिंकला. दोनच दिवसांनी मार्क कॉक्स या हौशी इंग्रज खेळाडूने ३९ वर्षांच्या गोन्झालेसला पाच सेटमध्ये हरवले आणि पुढच्या फेरीत रॉय इमर्सनलाही नमवले. व्यावसायिक अजिंक्य असतात हा समज एका आठवड्यात मोडला. उपान्त्य फेरीत लेव्हरने कॉक्सला सहज हरवले, तेव्हा व्यावसायिक म्हणजे हीन हा समजही टिकण्याजोगा उरला नाही. अंतिम सामन्यात रोझवॉलने लेव्हरवर ३-६, ६-२, ६-०, ६-३ अशी मात केली.

रोझवॉलला एक हजार पौंड मिळाले. महिलांच्या विजेतीसाठी तीनशे पौंडच ठेवले होते आणि तेही व्हर्जिनिया वेडने घेतले नाहीत, कारण ती अद्याप हौशी म्हणून खेळत होती. एक विषमता संपत असताना दुसरी तिच्याच शेजारी उघडी पडली होती. त्याच वर्षी पहिली खुली अमेरिकन स्पर्धा जिंकल्यावर मात्र वेडने बक्षिसाची रक्कम स्वीकारली.

पुढील वर्षांत आद्रियानो पानात्ता, इली नास्तासे, मान्युएल ओरांतेस असे मातीवरचे कसलेले खेळाडू बोर्नमथला जिंकून गेले. तरी स्पर्धेची कळा उतरत गेली. खुलेपणामुळे खेळात पैसा आला; आणि पैशाबरोबर खेळाडूंना निवडीचे स्वातंत्र्यही आले. इंग्लंडमधल्या वसंतातल्या गारठ्यात आणि पावसात खेळण्यापेक्षा युरोपातील उबदार गावे त्यांना सोयीची होती. मायदेशातही लोकांचे मन हिरवळीतच गुंतलेले होते. मध्ये काही वर्षी खंड पडला आणि १९८३ नंतर स्पर्धा थांबली. १९९६ ते १९९९ या काळात बोर्नमथला पुरुषांची एक स्पर्धा मातीवर भरली, पण तीही रुजली नाही.

ज्या खुलेपणाला या स्पर्धेने जागा दिली, त्याच खुलेपणाच्या जगात तिला स्वतःची जागा राखता आली नाही. मात्र आज कोणताही खेळाडू आपल्या कष्टाचे मोल उजळ माथ्याने घेतो, त्याची सुरुवात या तांबड्या मातीत आहे. विजेत्यांच्या नामावलीत पेरीनंतर जी एकतीस वर्षे व्यावसायिकांवाचून गेली, ती कोणत्याही ठरावाने भरून निघणारी नव्हती. १९६८च्या रकान्यातले रोझवॉलचे नाव वाचताना, त्याच्या वर जी नावे कधी लिहिलीच गेली नाहीत, तीही वाचावी लागतात.