तळटीप : ‘तैमिर’
‘तैमिर’ : अणुशक्तीवर चालणारे सोव्हिएत आइसब्रेकर, म्हणजे बर्फफोडे जहाज. त्याला सरसकट ‘रशियन बांधणीचे’ म्हणणे अर्धेच खरे. जहाज बांधले हेलसिंकीच्या व्हार्टसिला गोदीने. अणुभट्टी मात्र लेनिनग्राडला बसवली. १९८९ साली ते सेवेत आले. येनिसेई नदीच्या उथळ मुखातून आत शिरता यावे म्हणून त्याचा तळ पाण्यात जेमतेम ८ मीटर बुडेल, असा आराखडा केला होता. अशी जहाजे केवळ धडक देऊन बर्फ फोडतात हा गैरसमज. तिरकी नाळ बर्फावर चढते आणि जहाजाच्या वजनाने थर मोडतो. फिनलंडकडे सोव्हिएत कामे येऊ लागली ती दुसऱ्या महायुद्धातील पराभवामुळे : खंडणीपोटी १९५२पर्यंत जहाजे द्यावी लागली, आणि ती फिटल्यावरही हे गिऱ्हाईक टिकले.