तेल आंत, तेल बाहेर

पुण्याच्या ईशान्येस असलेल्या विश्रांतवाडीहून पश्चिमेकडे निघून खडकी मागें टाकली व मुळा ओलांडली म्हणजे दापोडी लागते. १९६० सालीं भारतांत स्थापन झालेल्या अ‍ॅटलास कॉप्को कंपनीचा कारखाना तेथें आहे. शहराच्या दुसऱ्या टोकास हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक ही १९५८ सालची कंपनी आहे. दोहोंचा व्यवसाय हवा दाबण्याच्या यंत्रांचा. या धंद्यांत पूर्वीं दट्ट्याच्या यंत्रांचें राज्य होतें. पुढें तें पुष्कळ अंशीं मळसूत्री यंत्रांकडे, म्हणजे स्क्रू कॉम्प्रेसरकडे, गेलें. हें स्थित्यंतर मुख्यतः तेलानें घडविलें.

एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन मळसूत्रांमध्यें हवा कोंडून दाबावी, ही कल्पना जर्मनीच्या हाइन्रिख क्रिगारनें १८७८ सालींच मांडली होती. पण मळसूत्रें तितकीं नेमकीं कापण्याची विद्या तेव्हां नव्हती. १९३० नंतर आल्फ लिशोल्म या स्वीडिश अभियंत्यानें ती व्यवहारांत आणिली. त्याचें यंत्र कोरडें होतें. मळसूत्रें परस्परांस लागूं नयेत म्हणून दंतचक्रें बसवावीं लागत, आणि फटींतून हवा निसटूं नये म्हणून वेग फार ठेवावा लागे. शिवाय हवा एका दमांत आठपट दाबल्यास तिची उष्णता अडीचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते.

१९५० नंतरच्या दशकांत तेल थेट मळसूत्रांवरच सोडण्यांत येऊं लागलें. त्यानें उष्णता शोषली, फटी बुजविल्या व एका मळसूत्रानें दुसऱ्यास फिरविणें सुकर केलें. दंतचक्रें अनावश्यक झालीं. उष्णता ऐंशी-नव्वद अंशांवर आली. परंतु आंत सोडलेलें तेल आतां हवेबरोबर बाहेर पडूं लागलें.

तें परत मिळविण्यासाठीं हवा प्रथम एका टाकींत गरगर फिरविली जाते. जड तेल भिंतीस लागून खालीं ओघळतें. उरलेले सूक्ष्म तुषार कांचतंतूंच्या गाळणींत एकत्र येऊन थेंब होतात व बारीक नळीनें यंत्रांत परततात. सर्व ठीक असल्यास घनमीटर हवेमागें दोन-तीन मिलिग्रॅमच तेल उरतें. मात्र ती नळी तुंबली कीं तेल गाळणीच्या तळाशीं सांचून हवेसंगें निघूं लागतें. तेल फिरविण्यास बहुधा वेगळा पंप नसतो. टाकींतील दाबच तें ढकलतो. म्हणून टाकीच्या तोंडावरील झडप सुमारें चार बार दाब झाल्यावांचून हवा सोडीत नाहीं.

पुण्याच्या पावसाळ्यांत आणखी एक पेंच असतो. तेल फार थंड राखल्यास दमट हवेंतील बाष्पाचें पाणी होऊन तेलांत मिसळतें व बेअरिंगें खराब होतात. फार तापल्यास तेलच बिघडतें. याकरितां उष्णतेप्रमाणें आपोआप फिरणारी झडप तेलाचा कांहीं भाग थंड न करतांच परत धाडते.

औषधें व खाद्यपदार्थ यांच्या कारखान्यांत मात्र ते दोन-तीन मिलिग्रॅमही पुष्कळदां चालत नाहींत; तेथें लिशोल्मच्या कोरड्या यंत्राचेंच घराणें अद्याप राबत आहे. इतरत्र तेलाचें यंत्र टिकलें तें तेलाच्या गुणांइतकेंच तें परत घेण्याच्या युक्तीवर.